कप कोणाचा, नाव कोणाचं? स्तेआवाची भावकी

जानेवारी २०२५ मध्ये मँचेस्टर युनायटेड युरोपा लीगसाठी बुखारेस्टला गेलं आणि २-० जिंकून आलं. त्या रात्री आमच्या फुटबॉलवाल्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "१९८६ चे युरोपियन चॅम्पियन हरले." लगेच दुसऱ्याचं उत्तर, "ते हे नव्हेतच, गुगल कर." मग जी जुंपली ती जुंपलीच. शेवटी ॲडमिननं ग्रुपला कुलूप लावलं. तिथं बोलायचं राहिलं ते इथं लिहितोय. पोस्ट लांब आहे, फुटबॉलचं वावडं असेल त्यांनी खुशाल पुढं जावं.

आधी ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. रोमानियात 'स्तेआवा बुखारेस्ट' नावाचा क्लब आहे. ७ जून १९४७ रोजी तो रोमानियन लष्करानं काढला. फुटबॉलचा क्लब म्हणून नव्हे, लष्कराची क्रीडा संघटना म्हणून. तलवारबाजी, नेमबाजी, बॉक्सिंग, ॲथलेटिक्स आणि त्यातच एक फुटबॉल. नाव दोन-तीनदा बदललं, १९६१ पासून 'स्तेआवा', म्हणजे तारा, हे कायम झालं. शेजारी गृहखात्याचा, म्हणजे पोलिसांचा आणि गुप्तहेरांचा, डिनामो बुखारेस्ट. लष्कर विरुद्ध गृहखातं हे वैर मैदानावरही तसंच चाललं, आणि कम्युनिस्ट राजवटीत सगळ्या पूर्व युरोपात घरटी हीच गोष्ट होती: मॉस्कोत सीएसकेए, सोफियात सीएसकेए, प्रागमध्ये दुक्ला, बुडापेस्टमध्ये होनवेद.

आज बुखारेस्टमध्ये स्तेआवाचा वारसा सांगणारे दोन संघ आहेत. एकाचं नाव एफसीएसबी. मालक जिजी बेकाली. मेंढपाळ घराण्यातला माणूस, जमिनींच्या व्यवहारातून गब्बर झालेला, मध्यंतरी युरोपियन संसदेतही जाऊन आलेला. युनायटेडशी खेळला तो हा संघ. दुसरा सीएसए स्तेआवा. तो थेट संरक्षण मंत्रालयाचा, आणि तो दुसऱ्या श्रेणीत खेळतो. १९८६ चा कप आपलाच, असं दोघंही सांगतात. युएफा, म्हणजे युरोपियन फुटबॉलची संघटना, आपल्या नोंदींत तो एफसीएसबीच्या खात्यावर दाखवते, लष्कराला हे अजिबात मान्य नाही, आणि वकिलांची चांदी झाली आहे.

आपल्याकडे शेतजमिनीवरून भावाभावांत होतं तेच हे. सातबारा एकाच्या नावावर, वहिवाट दुसऱ्याची, आणि बांधावर उभं राहून दोघांच्याही शिव्या.

माझं मत आधीच सांगून टाकतो: नाव लष्कराचं आहे, आणि त्याचं कारण फुटबॉल नाही. ग्रुपवर सगळे १९८६ वरून भांडत होते. मला वाटतं भांडणाची सुरुवातच चुकीच्या जागेवरून होते.

तरी १९८६ टाळून पुढं जाता येत नाही. ७ मे १९८६, सेव्हिया, युरोपियन कपची, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगची, अंतिम मॅच. समोर बार्सिलोना. मॅच स्पेनमध्येच, त्यामुळं स्टेडियममध्ये बहुतेक सगळी गर्दी बार्सिलोनाची. रोमानियातून बाहेर पडायला त्या काळी परवानगी लागायची, तेव्हा इकडचे प्रेक्षक नावापुरतेच. स्तेआवाचा नेहमीचा कप्तान निलंबित. एकशे वीस मिनिटं गोल नाही. उत्तरार्धात प्रशिक्षक येनेईनं आपला सहायक आंगेल योर्डानेस्कू याला मैदानात उतरवलं. तीनच दिवसांपूर्वी छत्तिशी पूर्ण केलेला माणूस, प्रशिक्षकाच्या कामाला लागलेला, आणि युरोपियन फायनल खेळतोय! मग पेनल्टी. दोन्ही संघांच्या पहिल्या दोन-दोन किक वाया गेल्या. नंतर स्तेआवाच्या लाकातुशनं बार फोडून टाकेल असा फटका मारला आणि चेंडू आत गेला. बालिंटनं दुसरा गोल केला. आणि इकडं मिशीवाला गोलकीपर हेल्मुट डुकादाम. बार्सिलोनाच्या चारही पेनल्टी त्यानं अडवल्या. पहिल्या तीन वेळा तो उजवीकडेच झेपावला. चौथ्याला मारणाऱ्याच्या मनात काय असेल? हा गडी आता तरी बाजू बदलेल की नाही? डुकादामनं बदलली, डावीकडे गेला आणि तीही अडवली. स्कोअर २-०. युरोपियन कप जिंकणारा पूर्व युरोपातला पहिला संघ. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी यूट्यूबवर फक्त तेवढा तुकडा बघा. चौथ्या वेळी डुकादाम उठून धावत सुटतो तेव्हा त्याला स्वतःलाच खरं वाटत नाहीये, हे चेहऱ्यावर दिसतं.

त्यानंतर काही आठवड्यांतच त्याच्या उजव्या हातात रक्ताची गाठ झाली आणि त्या पातळीवरचं त्याचं फुटबॉल संपलं. त्यावरून रोमानियात काय काय अफवा उठल्या, हुकूमशहा चाउशेस्कूच्या पोरांपर्यंत नावं गेली. तो स्वतः आयुष्यभर त्या नाकारत राहिला. पुढं तो सीमा पोलिसात होता. डिसेंबर २०२४ मध्ये गेला.

आता इथं थांबून एक विचारतो. हा संघ जमला कसा?

पैशानं नव्हे. लष्करी क्लबाकडं पैशापेक्षा मोठी गोष्ट होती: हुकूम. तरुण पोराला सक्तीच्या लष्करी सेवेचं बोलावणं यायचं, आणि पोरगा फुटबॉल चांगलं खेळत असेल तर त्याची नेमणूक कुठं होणार हे सांगायला ज्योतिषी नको. खेळाडूंना हुद्दे असायचे, पगार लष्कराच्या वहीत. गियोर्गे हाजीची गोष्ट सगळ्यात गमतीची. १९८७ च्या फेब्रुवारीत मोनॅकोला सुपर कपची मॅच होती, दिनामो कीवशी. त्यासाठी हाजीला स्पोर्तुल या विद्यार्थ्यांच्या क्लबाकडून मागून आणलं, एका मॅचपुरतं. त्यानं गोल केला, स्तेआवा १-० जिंकलं, आणि हाजी परत गेलाच नाही. उसना आणलेला माणूस ठेवून घेतला! स्पोर्तुलवाले कुणाकडं तक्रार करणार होते? व्हॅलेंटिन चाउशेस्कू, म्हणजे हुकूमशहाचा थोरला मुलगा, या क्लबाचा पाठीराखा होता. १९८६ ते १९८९ या काळात स्तेआवा देशांतर्गत लीगमध्ये सलग १०४ मॅच हरलं नाही. विक्रम म्हणून तो थोरच. संघही अस्सल होता, नाहीतर १९८९ ला पुन्हा युरोपियन फायनलपर्यंत कसा पोचला असता? (तिथं एसी मिलाननं ४-० नं धुतलं, खुलित दोन, व्हान बास्टेन दोन.) पण त्या १०४ मध्ये रेफ्रींच्या भीतीचा वाटा किती, हे काही आज मोजता येणार नाही. १९८८ च्या रोमानियन कपच्या फायनलमध्ये डिनामोविरुद्ध शेवटच्या मिनिटाला बालिंटचा गोल ऑफसाइड दिला, तर स्तेआवाचे खेळाडू मैदान सोडून चालते झाले. कप कुणाला मिळाला? मैदान सोडणाऱ्यांना.

होनवेदचीही हीच कहाणी, आणि जास्त चटका लावणारी. १९४९ मध्ये बुडापेस्टच्या किशपेश्त उपनगराचा साधा क्लब हंगेरियन लष्करानं ताब्यात घेतला. पुश्काश तिथं आधीपासून होता, घरचाच पोरगा. कोचिश आणि बुदाई फेरेन्त्सवारोशहून आणले गेले. इंग्लंडला वेम्ब्लीवर ६-३ नं लोळवणाऱ्या हंगेरीच्या संघाचा कणा असा हुकमावर बांधलेला. १९५६ चं बंड चिरडलं गेलं तेव्हा हा संघ युरोपियन कपसाठी बाहेर होता. बिल्बाओशी दुसरी मॅच घरी खेळता येईना म्हणून ब्रसेल्सला खेळले, ती ३-३ सुटली, दोन मॅचच्या एकूण गोलांवर ६-५ नं हरले, आणि पुश्काश, कोचिश, चिबोर परत गेलेच नाहीत. हुकमानं जमवलेला संघ हुकूम उठला की असा पांगतो.

म्हणून १९८६ चा कप 'कमावला कुणी' या प्रश्नाला लष्कर हे सरळ उत्तर मला पचत नाही, आणि बेकाली हे तर अजिबातच नाही. बेकाली तेव्हा कुठं होते?

पुढची गोष्ट पटकन सांगतो, कारण ती वकिली आहे. १९८९ ला राजवट कोसळली. लष्कराला व्यावसायिक फुटबॉलचा खर्च आणि व्याप झेपेना, सरकारी खात्यानं हे का करावं हाही प्रश्न होता. १९९८ मध्ये फुटबॉल विभाग क्लबातून वेगळा काढून एका संघटनेकडं दिला. २००३ मध्ये तिची कंपनी झाली आणि ती बेकालींच्या हातात गेली. नाव तेच, चिन्ह तेच, लाल-निळा रंग तोच, बुखारेस्टच्या गेन्चा भागातलं लष्कराचं स्टेडियमही तेच. बरीच वर्षं कुणाला काही खुपलं नाही. २०११ मध्ये लष्कर कोर्टात गेलं: आम्ही विभाग वेगळा केला, नाव कधी दिलंच नव्हतं. २०१३ मध्ये बेकाली तुरुंगात गेले, तेही लष्कराशीच केलेल्या जमिनीच्या अदलाबदलीच्या प्रकरणात. कथाकारानं असं लिहिलं असतं तर संपादकानं 'अति होतंय' म्हणून परत पाठवलं असतं. आणि डिसेंबर २०१४ मध्ये रोमानियाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की स्तेआवा हे नाव आणि चिन्ह लष्कराचं.

त्यानंतरची घरची मॅच होती याश शहराच्या संघाशी. बेकालींचा संघ त्या वर्षीचा गतविजेता. मैदानात आला तो लाल-निळ्यात नाही, पिवळ्यात. छातीवर चिन्ह नाही. स्कोअरबोर्डवर नावाच्या जागी नुसतं 'यजमान'. आपल्याच घरात पाहुण्यासारखं उभं राहायची वेळ आली ती अशी. बेकालींबद्दल मला शून्य सहानुभूती आहे, पण त्या दिवशी तिकीट काढून बसलेल्या साध्या माणसाचा विचार करा. त्यानं कुठल्या करारावर सही केली होती?

२०१७ च्या मार्चमध्ये त्या संघाचं नाव अधिकृतपणे एफसीएसबी झालं. त्याच वर्षी लष्करानं आपला फुटबॉल विभाग पुन्हा काढला आणि बुखारेस्टच्या चौथ्या श्रेणीत, म्हणजे आपल्या जिल्हा लीगच्या पातळीवर, उतरवला. दक्षिण स्टँडमधले कट्टर पाठीराखे, जे शेवटच्या मिनिटापर्यंत गातात ते, उठून तिकडं गेले. एप्रिल २०१८ मध्ये चौथ्या श्रेणीतल्या स्तेआवा विरुद्ध अकादेमिया रापीद या मॅचला राष्ट्रीय स्टेडियमवर ३६,२७७ लोक होते. चौथी श्रेणी! आपल्या इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) कित्येक मॅचना याच्या चौथाई गर्दी होत नाही.

हा आकडा ग्रुपवर मी टाकला तर एक जण म्हणाला, "मग झालं, लोकांनी निकाल दिला." नाही हो. चाहते दोन्हीकडं आहेत. एफसीएसबीनं २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षं लीग जिंकली, तिथंही स्टेडियम भरतं. जुने खेळाडूही वाटले गेले. डुकादाम कित्येक वर्षं एफसीएसबीचा अध्यक्ष म्हणून मिरवला, लाकातुश लष्कराच्या क्लबाकडं. सेव्हियाला ज्या दोघांमुळं कप मिळाला तेच दोघे दोन बाजूंना, तर आपण कोण निकाल लावणारे?

म्हणूनच मी म्हणतो, १९८६ बाजूला ठेवा आणि बाकीच्या विभागांकडं बघा. योलांदा बालाश ही उंच उडीतली, १९६० आणि १९६४ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवणारी, जिच्या वाटेला वर्षानुवर्षं कुणी जाऊ शकलं नाही ती, स्तेआवाची. इलिये नस्तासे, टेनिसवाला, तोही स्तेआवाचा. हँडबॉलमध्ये १९६८ आणि १९७७ असा दोनदा युरोपियन कप स्तेआवानं आणला, म्हणजे फुटबॉलच्या अठरा वर्षं आधी या क्लबाकडं युरोपियन कप आला होता. रग्बी, नेमबाजी, नौकानयन सगळं आहे. तो तारा यांच्याही छातीवर होता. ही माणसं कुठंही गेली नाहीत, कारण त्यांना विकत घ्यायला कुणी आलंच नाही. नेमबाजी विभागावर कुणा बिल्डरचा डोळा असतो का? मोठ्या कुटुंबातला एक भाऊ श्रीमंत होऊन वेगळा निघाला, निघू दे. जाताना घराण्याचं नाव एकट्याच्या नावावर नोंदवून घेतलं, हे चुकलं. न्यायालयानं तेवढंच दुरुस्त केलं, आणि माझ्या मते बरोबर केलं.

लष्करही धुतल्या तांदळासारखं नाही हे मात्र लिहिलंच पाहिजे. १९९८ ला नको झालेला विभाग २०११ ला हवासा का वाटला? संघ चॅम्पियन्स लीगमध्ये जाऊ लागला, नावाला भाव आला, तेव्हा जाग आली. मधली तेरा वर्षं झोप कशी लागली होती? आणि आता परत मिळवलेल्या नावाचं ते करतायत काय? गेन्चाचं जुनं स्टेडियम पाडून २०२१ मध्ये एकतीस हजारांचं नवं बांधलं, देखणं आहे. त्यात संघ दुसऱ्या श्रेणीत खेळतो. वर जायच्या प्ले-ऑफपर्यंत पोचून झालं, पण वर जाता येत नाही, कारण तिथल्या कायद्याप्रमाणं सरकारी खात्याच्या क्लबाला अव्वल लीगमध्ये खेळता येत नाही. म्हणजे पोरांनी वर्षभर घाम गाळायचा, जिंकायचं आणि वर्षाच्या शेवटी कळायचं की दार मुळातच बंद होतं. हे माहीत असताना विभाग पुन्हा काढला तो खेळण्यासाठी की कोर्टात दाखवायला, असा संशय कुणाला आला तर मी त्याला वेडं म्हणणार नाही.

आता आपल्याकडचं. कुणीतरी कमेंटमध्ये विचारणारच, भारतीय सैन्याचा असा क्लब का नाही? आपल्याकडे सैन्यात खेळ आहे, क्लब नाही. संतोष ट्रॉफीत 'सर्व्हिसेस' खेळते, म्हणजे तिन्ही दलांचा एकत्र संघ. तिनं ती ट्रॉफी २०२४ पर्यंत सात वेळा जिंकली होती. २०१६ ला फायनल नागपुरात झाली आणि समोर आपला महाराष्ट्र होता. सर्व्हिसेसनं २-१ नं हरवलं, दोन्ही गोल अर्जुन तुडूचे. २०२४ ला अरुणाचलमध्ये गोव्याला १-० नं हरवलं. किती जणांना हे माहीत होतं? माझ्या ग्रुपवर, जिथं हालंडच्या बुटांचा नंबर लोकांना पाठ आहे, तिथं एकालाही नाही.

खडकीच्या बाजूला पलटणीपलटणींच्या मॅच होतात त्या मी बघितल्या आहेत. कुणी तिकीट विचारत नाही, फक्त गेटवर ओळखपत्र दाखवावं लागतं. मणिपूर, मिझोराम, केरळ, गढवालची पोरं, पायात बिजली. साइडलाइनला एक हवालदार साहेब सारखे "पास दे, पास दे" ओरडत असतात. शिट्टी वाजली की खेळाडूच नेट सोडवून घड्या घालतात, कोपऱ्यातले झेंडे उपटतात आणि ट्रकमध्ये चढतात. त्यातला चांगला खेळणारा पुढच्या वर्षी कुठं असेल हे पोस्टिंग ठरवतं. त्यामुळं 'आमचा संघ' म्हणून कुणी छाती फुगवत नाही, आणि म्हणूनच त्यावरून भांडणही नाही. ड्युरंड कप १८८८ पासून चालू आहे, तो सैन्यच भरवतं, तरी सैन्याच्या संघासाठी घसा बसवणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

पुण्यातली आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट बघा. तिथं तिरंदाजी, बॉक्सिंग, कुस्ती, ॲथलेटिक्स आहे, फुटबॉल नाही. बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे महार रेजिमेंटमधून आला आणि स्टीपलचेसमध्ये आशियाई सुवर्ण घेऊन गेला. सैन्यानं फुटबॉलच्या नादी न लागता असल्या खेळांवर जोर दिला, हे मला शहाणपणाचंच वाटतं. फुटबॉलला बाहेर पैसा आहे, स्टीपलचेसला कोण विचारतो?

आणि क्लब मालकाच्या खिशात असला की काय होतं, ते पुणेकरांना सांगायला नको. एफसी पुणे सिटीची बालेवाडीतली पोरं केशरी-जांभळे टी-शर्ट घालून ढोल घेऊन यायची. २०१९ ला संघ बंद, जागा हैदराबादला. ढोल घरी. कोलकात्यात मोहन बागानच्या नावापुढं एटीके लागलं तेव्हा चाहत्यांनी तीन वर्षं धोशा लावून ते काढायला लावलं, कारण त्यांच्यामागं १८८९ पासूनचा इतिहास होता. आपल्यामागं पाच मोसम होते. भांडायला जमीनच नव्हती, सातबारा तर सोडाच.

मग स्तेआवाचं काय करावं? मला विचारलं तर नाव आणि चिन्ह कायम लष्कराच्या बहुक्रीडा क्लबाकडंच राहावं, विकायची सोय नको. फुटबॉल विभाग मात्र चाहत्यांच्या नोंदणीकृत संघटनेकडं द्यावा आणि नाव भाडेपट्ट्यानं, ठरावीक वर्षांसाठी, लेखी अटींवर. रंग बदलायचे नाहीत, गेन्चा सोडायचं नाही, भाड्यातला ठरावीक हिस्सा हँडबॉल आणि नेमबाजीला. खातं सरकारी राहणार नाही, म्हणजे वर जायची कायद्याची अडचणही निघेल. १९९८ ला हेच कागदावर नीट केलं असतं तर पुढची निम्मी रामायणं टळली असती. त्या पट्ट्यासाठी बेकालींना अर्ज करता येणार नाही, ही अट मी सगळ्यात वर लिहीन. पक्षपाती म्हणा हवं तर.